सावेदादा : माणसाला हलताना टिपणारा मराठी फोटोग्राफर
जऊळका (रेल्वे), ता. मालेगाव, जि. वाशीम | जागतिक छायाचित्रण दिन विशेष

जऊळका स्टेशनवर गाडी यायची वेळ झाली की फलाटावर दोन-चार तरी मोबाईल वर होतात. कुणी येणाऱ्या गाडीचा व्हिडिओ घेतो, कुणी पाहुण्याला हात हलवायला लावतो. लग्नसराईत तर विचारूच नका. फोटोग्राफर नवरा-नवरीला शेतातून पळायला लावतो, बांधावरून उडी मारायला लावतो. गावात पुढारी आला तर गाडीचं दार उघडल्यापासून तो स्टेजवर बसेपर्यंत त्याची पावलं न् पावलं टिपली जातात. यात कुणाला काही नवल वाटत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे नवल होतं. माणूस चालतो, हसतो, हात हलवतो आणि ते सगळं तसंच्या तसं पडद्यावर पुन्हा दिसतं, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. त्या काळात एका मराठी फोटोग्राफरनं विलायतेहून यंत्र मागवलं आणि आपल्या माणसांना हलतं-फिरतं टिपलं. आधी पैलवान, मग माकडं आणि त्यानंतर त्या वेळचा महाराष्ट्राचा सर्वांत लाडका तरुण. या फोटोग्राफरचं नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणायचे.

19 ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. 1839 साली याच दिवशी फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची रीत जगापुढे खुली झाली. गावागावांतले फोटोग्राफर या दिवशी कॅमेऱ्याची पूजा करतात, एकमेकांना शुभेच्छा देतात. या दिवशी सावेदादांची आठवण व्हायला पाहिजे. ती का, ते पुढे वाचा.

हलू नका, फोटो बिघडेल

तुमच्या घरात पणजोबांचा जुना फोटो असेल तर एकदा नीट बघा. खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोक्याला फेटा किंवा पागोटं, डोळे वटारलेले. जणू कोर्टात साक्ष द्यायला बसलेत. पणजोबा रागीट होते म्हणून तो फोटो तसा आलेला नाही. फोटोग्राफरनं हलू नका म्हणून दम दिलेला असायचा.

सुरुवातीच्या काळात फोटोच्या काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात माणूस हलला तर चेहरा पुसट यायचा. म्हणून स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी दांडा असायचा, त्याला पकड असायची आणि त्या पकडीत डोकं मागून धरून ठेवायचे. पुढं झटपट फोटो देणाऱ्या कोरड्या काचा आल्या, तरी सवय काही गेली नाही. फोटो म्हटला की माणूस दगड व्हायचा.

थोरामोठ्यांचंही तेच. महात्मा फुले, न्यायमूर्ती रानडे, आगरकर यांचे चेहरे आपल्याला पाठ आहेत. शाळेच्या भिंतीवर ते रोज दिसतात. पण रानडे चालायचे कसे? फुले बोलताना हात कसे करायचे? हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्यापर्यंत त्यांचा चेहरा पोहोचला, चाल पोहोचली नाही.

मुंबईत फोटोग्राफी लवकर आली होती. 1854 साली तिथं फोटोग्राफरांची सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी त्या काळात फोटो काढले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. याच शहरात 1868 साली सावेदादांचा जन्म झाला. मोठेपणी त्यांनीही फोटोचाच धंदा धरला. लोकांना खुर्चीत बसवायचं, ताठ करायचं, श्वास रोखायला लावायचा आणि फोटो काढायचा. हाच त्यांचा उद्योग होता.

एक रुपयात गाडी आली

7 जुलै 1896. मुंबईच्या काळा घोडा भागातल्या वॉटसन हॉटेलात एक खेळ लागला. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा माणूस यंत्र घेऊन आला होता. तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे मजुराची अनेक दिवसांची कमाई. सहा छोट्या फिल्म दाखवल्या, एकेक मिनिटभराचीसुद्धा नाही. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रात डुंबणारी माणसं, पाडली जाणारी भिंत आणि स्टेशनात शिरणारी आगगाडी.

ही आगगाडीची फिल्म जगभर गाजली. फलाट, लांबून येणारं इंजिन, उतरणारे-चढणारे प्रवासी, बस्स एवढंच. जऊळक्याच्या माणसानं रोज बघितलेलं दृश्य. पण पडद्यावर ते हलताना दिसलं म्हणून लोक थक्क झाले. थोड्याच दिवसांत हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले आणि चार आण्यांपासून तिकिटं लागली, तेव्हा साध्या माणसालाही ते बघता आले.

हे खेळ बघणाऱ्यांत सावेदादा होते. बाकीचे प्रेक्षक पडद्याकडे बघत असतील, पण फोटोग्राफरचं डोकं यंत्राकडे जाणारच. आपण ज्या माणसाला हलू नको म्हणतो, त्याला हे यंत्र खुशाल हलू देतं. एका सेकंदात एकामागून एक फोटो घ्यायचे आणि त्याच वेगानं दाखवायचे, की चित्र चालायला लागतं. सावेदादांनी ठरवलं, हे यंत्र आपल्याकडे पाहिजे.

एकवीस गिनींचं वेड

त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्स या कंपनीकडून कॅमेरा मागवला. किंमत 21 गिनी. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग, म्हणजे एकूण 22 पौंड 1 शिलिंग. तेव्हाच्या 15 रुपयाला एक पौंड या दरानं हिशेब केला तर सुमारे 330 रुपये. बोटीचं भाडं आणि फिल्मचा खर्च वेगळा.

तो काळही कसा होता बघा. 1896 च्या पावसाळ्यात ल्युमिएरचा खेळ झाला आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून गावाकडं पळाले. 1899-1900 साली मोठा दुष्काळ पडला, ज्याला जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणायची. आपल्या वऱ्हाडाला त्याची जबर झळ बसली. तेव्हा वाशीम हा वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होता. तो 1905 साली मोडला आणि 1998 मध्ये पुन्हा वेगळा झाला. अशा प्लेगाच्या, दुष्काळाच्या दिवसांत एका माणसानं साडेतीनशे रुपयांच्या घरातला पैसा खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रात घातला. लोकांना तो वेडेपणाच वाटला असणार.

पहिले हिरो, दोन पैलवान

यंत्र हातात आलं. आता पहिलं चित्र कशाचं घ्यायचं? राजवाड्याचं, गव्हर्नरच्या बंगल्याचं की देवळाचं? सावेदादांनी निवडली कुस्ती.

नोव्हेंबर 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती झाली. सावेदादांनी तिपाईवर कॅमेरा लावला आणि हँडल फिरवलं. भारतीय माणसानं भारतात घेतलेल्या पहिल्या फिल्ममध्ये आज या कुस्तीचं नाव घेतलं जातं. कोलकात्यात हिरालाल सेन यांनीही साधारण त्याच काळात काम सुरू केलं होतं, त्यामुळे पहिला कोण यावर अभ्यासकांचा वाद चालतो. पण आपल्या सिनेमाच्या पहिल्या पानावर नट-नटी नाहीत, लंगोट कसलेले दोन पैलवान आहेत, हे ऐकून कुठल्याही यात्रेतल्या वस्तादाची छाती फुगावी.

कुस्ती घेण्यामागे धंद्याची समजही होती. कुस्तीत हालचाल असते, ती एका जागेवर होते आणि निकाल कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. तेव्हाच्या कॅमेऱ्याला झूम नव्हता, तो इकडेतिकडे फिरवणंही अवघड होतं. हँडल एकसारखं फिरवावं लागे, सेकंदाला साधारण दोन फेरे. हात घाईला आला की पडद्यावरचं चित्र मंदावायचं, हात रेंगाळला की माणसं धावायला लागायची. म्हणजे पैलवान डाव टाकत असताना फोटोग्राफरचीही मनगटाची कुस्ती चालू असायची.

आणि एवढं करून काय आलं ते लगेच दिसायचं नाही. फिल्म धुवायची सोय इथं नव्हती. ती बोटीनं इंग्लंडला पाठवली गेली. जायला-यायला महिना-दीड महिना. आज आपण व्हिडिओ घेतला की लगेच बोटानं मागे सारून बघतो, नाही आवडला की पुसून टाकतो. सावेदादांना आपली पहिली फिल्म बघण्यासाठी समुद्रापलीकडून पार्सल यायची वाट बघावी लागली.

त्यानंतर त्यांनी माकडांना शिकवणाऱ्या माणसाची फिल्म घेतली. दाराशी येणारा माकडवाला आणि त्याची माकडं आपण लहानपणी बघितलेली आहेत. स्टुडिओत ज्याला कधीच ताठ बसवता येणार नाही असा प्राणी म्हणजे माकड. त्याची निवड करणाऱ्या फोटोग्राफरच्या अंगात मिश्कीलपणा होता, हे मान्य करावंच लागेल.

चौपाटीवर उतरलेला रँग्लर

आता या गोष्टीतला सर्वांत मोठा प्रसंग.

दापोलीजवळचं मुर्डी हे कोकणातलं छोटं गाव. तिथं 1876 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. महर्षी कर्वे त्यांचे नातलग. मुलगा गणितात अफाट हुशार. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकला, सरकारी शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेला आणि 1899 साली तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मानकरी, म्हणजे सीनियर रँग्लर झाला. एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर त्याचा पहिला क्रमांक आला होता. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय.

या बातमीनं देश हलला. काळ्या माणसाला अवघड गणित जमत नाही, असं समजणाऱ्या साहेबाच्या घरात जाऊन खेड्यातल्या पोरानं साहेबालाच गाठलं होतं. प्लेग, दुष्काळ आणि गुलामीच्या त्या दिवसांत लोकांना अभिमान वाटावा असं काही तरी हाती आलं होतं. आज आपल्या तालुक्यातला एखादा पोरगा कलेक्टर झाला की गावच्या वेशीपासून मिरवणूक निघते, ट्रॅक्टर सजतात, बँड वाजतो. ते दहापट करा, शंभरपट करा.

डिसेंबर 1901 मध्ये परांजपे मायदेशी परतले. मुंबईच्या चौपाटीवर त्यांचं जंगी स्वागत झालं आणि तिथं सावेदादा कॅमेरा घेऊन उभे होते. भारतीय कॅमेरामननं भारतातल्या घडलेल्या बातमीची घेतलेली पहिली फिल्म म्हणून अभ्यासक या चित्रणाकडे बघतात. आज आपण ज्याला न्यूज व्हिडिओ म्हणतो, त्याचा आपल्याकडचा पणजोबा हाच.

यात महत्त्वाची गोष्ट आहे ती निवडीची. तेव्हा कॅमेरा वळायचा तो राजे, लाटसाहेब आणि नवाबांकडे. सावेदादांनी तो वळवला पंचविशीतल्या एका गणिताच्या विद्यार्थ्याकडे. तोही स्टुडिओत खुर्चीवर बसवून नाही, तर गर्दीत, मोकळ्या हवेत, चालत-फिरत असताना. प्रसिद्ध मराठी माणूस प्रथमच हलताना टिपला गेला, तो असा.

उडी मारा, मग खरा माणूस दिसेल

हलताना टिपण्यात एवढं काय आहे, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर पुढं अर्ध्या शतकानंतर अमेरिकेतल्या एका फोटोग्राफरनं फार गमतीनं दिलं. फिलिप हाल्समन हे त्याचं नाव. मोठमोठ्या लोकांचे फोटो काढून झाले की तो त्यांना जागच्या जागी उडी मारायला सांगायचा. अमेरिकेचे पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले निक्सन, इंग्लंडचं राज्य सोडलेला राजा आणि त्याची बायको, नटी मेरिलिन मन्रो, अणुबॉम्बवाले शास्त्रज्ञ ओपनहायमर, सगळे उडाले. 1959 साली त्यानं या उड्यांचं पुस्तकच काढलं. त्याआधी 1948 मध्ये चित्रकार दालीचा एक फोटो त्यानं काढला, त्यात दाली हवेत, मांजरं हवेत आणि बादलीतलं पाणीसुद्धा हवेत. तेवढ्या एका फोटोसाठी पंचवीसहून जास्त वेळा सगळ्यांना उडावं लागलं.

त्यामागचा विचार साधा होता. माणूस खुर्चीत बसला की चेहरा सावरतो. उडी मारताना त्याला अंग सावरावं लागतं, चेहरा सावरायला फुरसत मिळत नाही. मग मुखवटा गळतो आणि आतला माणूस दिसतो.

सावेदादांच्या यंत्रातही हीच जादू होती. पैलवान डाव टाकताना, माकड कोलांटी मारताना किंवा गर्दीतून वाट काढताना कुणी पोज देत नाही. परांजपे पुढं फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिश्नर झाले, 1966 पर्यंत जगले. त्यांचे प्राचार्य म्हणून ताठ बसलेले फोटो आहेत. पण बोटीवरून उतरलेला, मायदेशाला डोळे भरून बघणारा पोरगा त्या एकाच फिल्ममध्ये होता.

आणखी एक योगायोग. परांजप्यांची कन्या शकुंतलाबाई यांनी व्ही. शांताराम यांच्या 1937 सालच्या 'कुंकू' चित्रपटात काम केलं. नात सई परांजपे यांनी 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' असे चित्रपट काढले. ज्या घराला सावेदादांच्या कॅमेऱ्यानं पहिल्यांदा पडद्यावर आणलं, त्याच घरातली नात पुढं कॅमेऱ्यामागे उभी राहिली.

दरबार, थिएटर आणि विकलेला कॅमेरा

सावेदादा नुसतं चित्रण करून थांबले नाहीत. त्यांनी प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी फिल्म आणून उघड्यावर, तंबूत खेळ लावले. डव्ह्याच्या, शिरपूरच्या यात्रेत लहानपणी ज्यांनी तंबूतला सिनेमा बघितलाय, त्यांना हा धंदा समजावून सांगायला नको. पडदा फडफडतो, मागं यंत्र घरघरतं आणि पुढं मातीत बसलेली माणसं आ वासून बघतात.

1903 साली एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झननं दिल्लीत दरबार भरवला. हत्ती, घोडे, राजेरजवाडे, सगळा थाट. तोही सावेदादांनी टिपला. पुढं मुंबईचं गेईटी थिएटर त्यांनी चालवलं. हेच बोरीबंदरसमोरचं पुढचं कॅपिटॉल. त्यात त्यांना चांगला पैसा मिळाला.

पण भावाच्या निधनानं त्यांचं मन चित्रणावरून उडालं. त्यांनी कॅमेरा विकून टाकला. धंदा राहिला, पण कॅमेऱ्याचं हँडल त्यांच्या हातातून सुटलं ते कायमचं. 3 मे 1913 ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला आणि भारतीय सिनेमाचे जनक म्हणून फाळक्यांचं नाव झालं. तो मान त्यांचाच आहे, त्यांनी गोष्ट सांगणारा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. मात्र त्यांच्याही चौदा वर्षं आधी दुसऱ्या एका हरिश्चंद्रानं त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकलं होतं, हे विसरू नये.

सावेदादा दीर्घायुषी ठरले. 1931 साली पडदा बोलू लागला, मग रंगीत झाला. गावोगाव टॉकीज उभ्या राहिल्या. हे सगळं त्यांच्या हयातीत झालं. 1958 साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचं निधन झालं.

आज हाती काय उरलं?

आता कटू गोष्ट सांगायची वेळ आली. सावेदादांची एकही फिल्म आज आपल्याकडे नाही. कुस्ती गेली, माकडं गेली, चौपाटीवरचे परांजपे गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी आणि ठेवल्या ठेवल्या भुगा होणारी. कोलकात्याच्या हिरालाल सेन यांचा ठेवा 1917 साली आगीतच खाक झाला. जुने सिनेमे जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते 1964 साली, म्हणजे सावेदादा गेल्यावर सहा वर्षांनी.

म्हणून आज आपल्याला फक्त एवढं ठाऊक आहे की ती कुस्ती झाली. तिच्यात कोण कसा आपटला, ते कधीच बघता येणार नाही. परांजपे चौपाटीवर आले, एवढं पुस्तकात आहे. ते कसे चालले, कुणाकडे बघून हसले, हार घालताना संकोचले का, हे दाखवणारा एकमेव पुरावा गेला. माणसाची चाल जपण्यासाठी ज्यानं घरचे 330 रुपये घातले, त्याचीच मेहनत जपायला कुणी नव्हतं.

इंग्रजीत लिहिलेलं सावे हे नाव वाचून परगावची माणसं त्यांना सेव्ह दादा म्हणतात. हसू येतं आणि वाईटही वाटतं. कारण त्यांचं काहीच सेव्ह झालं नाही.

आपल्या मोबाईलमध्ये काय आहे?

ही गोष्ट मुंबईची, पण धडा आपल्या गावाचा आहे. मालेगाव तालुक्यातल्या प्रत्येक गावात जुने भजनी आहेत, शाहीर आहेत, गोंधळी आहेत, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या आहेत, एकेकाळी फड गाजवलेले पैलवान आहेत. त्यांचे व्हिडिओ कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये पडून आहेत. मोबाईल भरला की आपण पहिल्यांदा जुने व्हिडिओ पुसतो. मोबाईल फुटला की सगळंच जातं. ते फिल्मसारखं पेट घेत नाही, पण जायचं ते जातंच.

तर आज एवढंच करा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक व्हिडिओ घ्या. खुर्चीत बसवून नको. आजी भाकरी थापत असताना, आजोबा बैलाला हाक मारत असताना, वस्ताद पोरांना डाव शिकवत असताना घ्या. त्यावर नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा. मग तो दोन ठिकाणी ठेवा, एक मोबाईलमध्ये आणि एक पेनड्राइव्हवर किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर.

पन्नास वर्षांनी कुणीतरी विचारील, पणजी चालायची कशी? तेव्हा घरात दाखवायला काहीतरी असलं पाहिजे.

हलत्या माणसांना टिपणाऱ्या सावेदादांना छायाचित्रण दिनी विनम्र अभिवादन.